सनदी सेवेतून तंत्रज्ञान कंपनीत जाताना: क्रम, कागद आणि करार

तंत्रज्ञान कंपनीकडून विचारणा झाली की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मनात आधी पगाराचा आकडा येतो. त्याआधी मागच्या तीन वर्षांत आपल्या सहीने कोणत्या फायली गेल्या, हे आठवायला हवे. ही वाट मोकळी आहे की बंद, हे बहुतेक वेळा त्या फायलींवरच ठरते. बॅच किती जुनी किंवा शेवटचे पद कोणते, याचा त्यात फारसा संबंध नसतो.

पुढची माहिती मुख्यतः आयएएस, आयपीएस आणि वनसेवा या अखिल भारतीय सेवांतल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. केंद्राच्या गट 'अ' सेवांचे नियम केंद्रीय नागरी सेवांच्या पेन्शन नियमांत आहेत आणि त्यांचा गाभा असाच आहे. राज्यसेवेतल्या अधिकाऱ्यांनी मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ समोर ठेवूनच पावले उचलावीत. केंद्राच्या नियमांवरून अंदाज बांधू नये.

तीन वर्षांचा तक्ता

निवृत्तीनंतर एक वर्ष पूर्ण होण्याआधी खासगी नोकरी धरायची असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. अखिल भारतीय सेवा (मृत्यू-नि-सेवानिवृत्ती लाभ) नियम, १९५८ मधला नियम २६ तसे सांगतो. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, आता एक वर्षाची आहे. बोलीभाषेत यालाच 'कूलिंग ऑफ' म्हणतात. ही बंदी नाही, पण परवानगीशिवाय रुजू झालात तर सरकार पेन्शन पूर्णतः किंवा अंशतः थांबवू शकते.

परवानगी देताना काय पाहिले जाते, ते नियमांत लिहिलेले आहे. शेवटच्या तीन वर्षांत या कंपनीच्या हिताशी थेट जोडलेली संवेदनशील किंवा धोरणात्मक माहिती तुमच्याकडे होती का? त्या काळात तुम्ही राबवलेले धोरण आणि कंपनीचे हित यांत संघर्ष आहे का? तुमचे सेवाभिलेख, विशेषतः सचोटीच्या बाबतीत, स्वच्छ आहेत का? कंपनीचे वागणे देशाच्या सुरक्षिततेला किंवा परराष्ट्र संबंधांना बाधक ठरले आहे का? केडर नियंत्रण प्राधिकारी आणि शेवटचे कार्यालय यांची हरकत नाही ना? आणि देऊ केलेला पगार त्या उद्योगातल्या चालू दरापेक्षा फारच जास्त आहे का? हा शेवटचा प्रश्न अनेकांच्या लक्षातच येत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

म्हणून पहिले काम म्हणजे एक साधा तक्ता. मागच्या तीन वर्षांतले प्रत्येक पद घ्या. त्या पदावर असताना ज्या कंपन्यांबाबत निविदा, परवाना, दंड, देयक, सवलत, जमीन, सामंजस्य करार किंवा धोरणाचा मसुदा तुमच्या टेबलावरून गेला, त्या सगळ्यांची नावे लिहा. प्रत्येक नावासमोर तुमची भूमिका नोंदवा: निर्णय घेतला, शिफारस केली, समितीत बसलात, की नस्ती फक्त पुढे गेली. उपकंपन्या आणि मूळ कंपन्याही धरा. क्लाउड सेवेचे कंत्राट भारतीय उपकंपनीच्या नावावर असते आणि नोकरीचे पत्र परदेशी मूळ कंपनीच्या दुसऱ्याच शाखेकडून येते. नावे वेगळी असली तरी हितसंबंध एकच राहतो आणि छाननीत तो दिसतो.

निर्णय घेतला किंवा शिफारस केली असे ज्या कंपनीसमोर लिहावे लागले, तिच्याकडे पहिल्या वर्षात जाऊ नये. परवानगी मिळण्याची शक्यता धूसर असली तरी अर्ज करून बघू, असे काहींना वाटते. त्या अर्जाची फाइल कायमची राहते. पुढे त्या निविदेवर लेखापरीक्षणाचा आक्षेप आला तर ती फाइल त्याच्याशेजारी ठेवून वाचली जाईल.

बोलणी सुरू करण्याआधी

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या हेतूने वाईट नसलेल्या माणसांकडून होतात. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ च्या नियम १३ नुसार शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही, हे सर्वांना माहीत असते. त्याच वाक्यात दुसऱ्या नोकरीसाठी वाटाघाटी करायलाही मनाई आहे, हे मात्र विसरले जाते. पगाराची चर्चा, मुलाखतीची फेरी, 'तत्त्वतः होकार' देणारा ईमेल हे सगळे वाटाघाटीतच मोडते. रजा टाकून मुलाखत दिली म्हणून त्यात फरक पडत नाही.

क्षेत्र समजून घ्यायला हरकत नाही. कामाचे स्वरूप कसे असते, कोणती कौशल्ये लागतात, कोणत्या भूमिका असतात, हे त्या क्षेत्रातल्या लोकांकडून जाणून घ्या. विशिष्ट कंपनी, विशिष्ट पद आणि रक्कम हे तीन विषय एकत्र आले की सीमा ओलांडली, असे स्वतःपुरते ठरवून घ्या. त्याआधी मंजुरी हातात आलेली असावी.

कंपनीने आपणहून विचारले आणि तिचा एखादा प्रस्ताव तुमच्याकडे प्रलंबित असेल, तर त्याच दिवशी दोन गोष्टी करा. कंपनीला एका ओळीचे उत्तर पाठवा की सेवेत असताना या विषयावर चर्चा करता येणार नाही. आणि नस्तीवर किंवा वरिष्ठांना स्वतंत्र टिपणीने लेखी नोंद द्या. नोंद अशी असू शकते:

'प्रस्तावातील कंपनीने अधोस्वाक्षरीकर्त्याशी भावी नियुक्तीबाबत संपर्क साधला आहे. त्यावर कोणतीही चर्चा केलेली नाही. तथापि, हितसंबंधाचा प्रश्न उद्भवू नये म्हणून सदर नस्ती निर्णयार्थ अन्य अधिकाऱ्याकडे सादर करण्यात यावी.'

या तीन वाक्यांना किती किंमत आहे, ते पाच वर्षांनी कळते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये 'गैरवाजवी लाभ' फक्त पैशाच्या स्वरूपातच असतो असे नाही. प्रलंबित फाइल आणि नोकरीचे आश्वासन एकाच आठवड्यात दिसले तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो. अमेरिकी कंपन्यांनाही याची धास्ती असते. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा त्यांचा १९७७ चा कायदा नोकरीच्या प्रस्तावालाही 'मूल्यवान वस्तू' मानू शकतो. त्यामुळे त्यांचा अनुपालन विभाग तुमच्याकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेईल. वरचा तक्ता तयार असेल तर ती तासाभरात भरून होते.

राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती

व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कागदावर तसे केले तर आयुष्यभराचे नुकसान होते. राजीनामा दिला की मागच्या सेवेचे निवृत्तिलाभ जातात. तो मागे घेण्याची सोय मर्यादित आहे, आणि खासगी व्यापारी कंपनीत जाण्यासाठी राजीनामा दिला असेल तर ती सोयही मिळत नाही.

स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, लागते. किमान तीन महिन्यांची लेखी सूचना राज्य शासनाला द्यावी लागते. वयाची ५० वर्षे किंवा सेवेची ३० वर्षे पूर्ण होण्याआधी निघायचे असेल तर सूचना देऊन भागत नाही, ती स्वीकारली जावी लागते. निलंबन किंवा विभागीय चौकशी चालू असेल तर गाडी तिथेच थांबते. म्हणून सूचना देण्याआधी दक्षता विभागाची स्थिती, प्रलंबित लेखाआक्षेप, मालमत्ता विवरणपत्रे (दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंतची) आणि अभ्यास रजेचे किंवा परदेशी प्रशिक्षणाचे बंधपत्र तपासून घ्या. बंधपत्राचा काळ उरला असेल तर परतफेडीची रक्कम आधी लेखी मागवा. ही बाब बहुधा अखेरच्या पंधरवड्यात उघडकीस येते आणि रुजू होण्याची तारीख हुकते.

पेन्शनचे गणित कोणत्या योजनेत आहात त्यावर अवलंबून आहे. जुन्या पेन्शनमध्ये असाल तर सोपे आहे: शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यातल्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण (तेवढ्या हिश्श्याबदली एकरकमी पैसे), कमाल २५ लाख रुपये उपदान (ग्रॅच्युइटी) आणि कमाल ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण. १ जानेवारी २००४ पासून सेवेत आलेले बहुतेक जण एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहेत, आणि त्यातल्या ज्यांनी युनिफाइड पेन्शन स्कीम निवडली त्यांनी इथे थांबून नीट वाचावे. त्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला खात्रीची रक्कम (हमीचे मासिक निवृत्तिवेतन) पूर्ण हवी असेल तर २५ वर्षांची सेवा लागते, त्याहून कमी सेवेवर ती प्रमाणात मिळते, आणि ती रक्कम सुरू होते नियत वयोमानाने निवृत्त झाला असता त्या तारखेपासून. समजा, १९८० साली जन्मलेला अधिकारी २००६ मध्ये रुजू झाला. २० वर्षांवर, म्हणजे २०२६ मध्ये बाहेर पडला तर पूर्ण रक्कम नाही, सेवेच्या प्रमाणात कमी मिळेल. २०३१ मध्ये बाहेर पडला तर ती पूर्ण मिळेल, पण २०४० पासून. मधली नऊ वर्षे कंपनीच्या पगारावर आणि स्वतःच्या बचतीवर काढायची आहेत. घरचे कर्ज आणि मुलांचे शिक्षण याच नऊ वर्षांत येते, तेव्हा हा हिशेब घरी बसून, कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

परवानगीचा अर्ज

'नोकरी नको, सल्लागार म्हणून जातो' असा एक मार्ग सुचवला जातो. तो मार्गही याच नियमात येतो. कंपनीतली कोणत्याही स्वरूपाची नोकरी, संचालकपद, भागीदारी हे सगळे 'व्यापारी नोकरी'च्या व्याख्येत आहे. व्यावसायिक पात्रता नसताना आपल्या शासकीय माहितीशी संबंधित विषयावर सल्लागारी करणे, किंवा शासकीय कार्यालयांशी संपर्काचे काम करणे, हेही त्यातच येते. सरकारी मालकीच्या कंपन्या मात्र बाहेर आहेत.

अर्जात कामाचे वर्णन नेमके हवे. 'धोरणात्मक सल्ला व समन्वय' असे लिहिले की छाननी करणाऱ्याला त्यात शासकीय संपर्कच दिसतो, आणि त्याचे चुकत नाही. त्याऐवजी कोणते उत्पादन, कोणता प्रदेश, कोणाला उत्तरदायी आणि पहिल्या वर्षात काय करणार नाही, हे लिहा. 'पहिले १२ महिने केंद्र वा केडर राज्याच्या कोणत्याही कार्यालयाशी कंपनीच्या वतीने संपर्क साधणार नाही' हे वाक्य कंपनीच्या पत्रातही असेल तर अर्जाला वजन येते. अपुरी माहिती दिली की खुलासा मागवला जातो आणि सरकारने निर्णय देण्याच्या मुदतीचे दिवस त्रुटी दूर झाल्यापासून मोजले जातात. कंपनीची भागधारक रचना, पदाचे वर्णन आणि पगाराचे सर्व घटक पहिल्याच अर्जासोबत जोडा.

आता पगाराची ओळ. केंद्रात सहसचिवाच्या स्तराचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते आणि सचिवाचे २,२५,००० रुपये ठरलेले आहे. कंपनीचा प्रस्ताव याच्या कित्येक पट असू शकतो, आणि तो तसा असणे गैर नाही. तुलना तुमच्या जुन्या वेतनाशी होत नसते, त्या उद्योगातल्या त्याच पदाच्या दराशी होते. म्हणून कंपनीकडून पत्र घ्या की या स्तरावरच्या इतर नियुक्त्यांची वेतनश्रेणी अमुक आहे आणि तुमचे वेतन तिच्या आत आहे. समभागांचे मूल्य वेगळे दाखवा. आधी कमी आकडा सांगून वर्षभराने 'सुधारणा' करायची, अशी सूचना आली तर ती नाकारा. अर्जातली माहिती दडवणे हा मूळ पगारापेक्षा मोठा दोष ठरतो.

कोणते काम घ्यावे

पहिल्यांदा जी पदे समोर येतात ती सार्वजनिक धोरण आणि शासकीय संबंधांची असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र कंपनीला तुमचा फोन उचलणारे लोक हवेत की तुमची समज हवी, हे पारखून घ्या. ओळखींचे मोल दोन-तीन बदल्यांत संपते आणि तुमचेही त्याबरोबर संपते. शिवाय ज्या कनिष्ठाला तुम्ही घडवले, त्यालाच फोन करून अडचणीत टाकायचे, हे सेवेच्या कोणत्याही मापाने योग्य नाही.

खरी मागणी असलेले ज्ञान वेगळे आहे. कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणारी व्यवस्था कुठे फुटते, हे खासगी क्षेत्रात फार थोड्यांनी पाहिले आहे. आधारची उभारणी झाली तेव्हा नंदन नीलेकणी अध्यक्ष होते आणि आर. एस. शर्मा हे सनदी अधिकारी महासंचालक होते. शर्मा पुढे ट्रायमध्ये (दूरसंचार नियामक प्राधिकरणात) आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात गेले. बोटांचे ठसे न उमटणारे मजूर, एकाच गावात चार पद्धतींनी लिहिलेली नावे, बंद पडलेल्या खात्यांत अडकलेले अनुदान: हे प्रश्न सोडवलेला माणूस डिजिटल देयके, आरोग्य, शेती आणि ओळख पडताळणीच्या उत्पादनांना हवा असतो. अशा कामात शासकीय संपर्काचा प्रश्न कमी येतो आणि परवानगीही सोपी जाते.

अनुपालनाची पदे घेताना सावध राहा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना मुख्य अनुपालन अधिकारी नेमावा लागतो. तो भारतात राहणारा हवा आणि कंपनीने काळजी घेतली नाही तर कारवाईत तो स्वतः उत्तरदायी ठरू शकतो. कायदेशीर खर्चाची हमी, विमा आणि आशय हटवण्याचा प्रत्यक्ष अधिकार करारात नसेल तर हे पद घेऊ नका. अधिकार परदेशातल्या मुख्यालयात आणि समन्स तुमच्या दारात, अशी स्थिती होते. डेटा संरक्षण अधिकाऱ्याच्या पदाबाबतही हेच पाहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे त्या खुर्चीवर दबाव असतोच.

स्वतंत्र संचालकपदाबद्दल थोडक्यात: स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नोंदणी करावी लागते, सूट नसेल तर ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, प्रतिसभा शुल्क कमाल एक लाख रुपये आहे आणि समभागांचे पर्याय मिळत नाहीत.

बायोडेटा आणि मुलाखत

पदांची यादी खासगी कंपनीला वाचता येत नाही. 'जिल्हाधिकारी म्हणून विविध योजनांची प्रभावी अंमलबजावणी केली' या ओळीतून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याच कामाची ओळ अशी लिहा: 'समजा १०० देयकांपैकी १४ परत येत होती. कारणे तीन निघाली: बंद खाती, आयएफएससी कोड बदललेल्या शाखा आणि नावातील तफावत. तालुक्याला एक पडताळणी पथक दिले, बँकांकडून दर आठवड्याला नाकारलेल्यांची यादी घेतली, प्रमाण ३ वर आणले.' आकडे तुमचे खरे टाका, आणि शासनाने जाहीर केलेलेच टाका. न प्रसिद्ध झालेली माहिती बायोडेटात घालणे गोपनीयतेचा भंग आहे. शासकीय गुपिते कायदा, १९२३ पद सोडल्यानंतरही लागू राहतो. दोन पाने पुरे.

मुलाखतीत 'आम्ही', 'शासनाने', 'निर्णय घेण्यात आला' ही सवय अडते. समोरचा विचारणार: तुम्ही स्वतः काय केले, कोणाचा विरोध होता, काय चुकले? चुकलेले सांगता आले पाहिजे. बरेच अधिकारी इथेच गडबडतात, कारण नस्तीवर अपयश लिहिण्याची सवय नसते.

नियुक्तीपत्र वाचताना

'सीटीसी'च्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, उपदान, कामगिरीनुसार मिळणारी रक्कम आणि समभागांचे अंदाजित मूल्य हे सगळे धरलेले असते. हातात दरमहा काय येईल, तो आकडा वेगळा मागा. रुजू होतानाचा बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागतो, तेव्हा परवानगी लांबली किंवा नाकारली गेली तर काय, हे कलम त्यात आधीच घालून घ्या.

समभाग बहुधा चार वर्षांत मिळतात आणि भारतीय कंपनीच्या योजनेत पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी हक्क लागतच नाही. समभाग घेण्याचा पर्याय वापरला की त्या दिवशीचे बाजारमूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक पगार म्हणून करपात्र होतो, विकल्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा. कंपनी शेअर बाजारात नसेल तर कर रोखीने भरायचा आणि समभाग विकता येत नाहीत, ही कोंडी होते. मूळ कंपनी परदेशातली असेल तर ते समभाग प्राप्तिकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, कॅलेंडर वर्षाप्रमाणे दाखवावे लागतात. ते राहून गेले तर काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळता एकूण मूल्य २० लाखांच्या आत असेल तर त्यातून सूट आहे. पहिल्या वर्षीच परदेशी समभाग हाताळणारा सनदी लेखापाल गाठा. नेहमीचा विवरणपत्र भरून देणारा हे परिशिष्ट बहुधा उघडतही नाही.

पहिले सहा महिने

स्वीय सहायक नाही, शिपाई नाही, आणि वरिष्ठ कदाचित पस्तिशीचा आहे. याची तयारी मनाने बहुतेकांची असते, हाताची नसते. कॅलेंडर स्वतः सांभाळणे, सामायिक दस्तऐवजात टिप्पणी करणे, स्प्रेडशीटमध्ये पिव्होट काढणे, छोटे संदेश लवकर पाठवणे हे रुजू होण्याआधीच्या महिन्यात रोज एक तास बसून शिका. डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या एसक्यूएल भाषेतल्या साध्या क्वेरी आल्या तर उत्तमच. अभियंत्यांकडे आकडे मागण्याऐवजी स्वतः काढता येतात आणि बैठकीत तुमच्या शब्दाला वजन येते.

नस्तीवर मत मागवत मागवत निर्णय पक्का होतो. कंपनीत निर्णय आधी होतो आणि आठवड्याने दुरुस्त होतो. जो निर्णय परत फिरवता येतो तो तुम्ही स्वतः घ्यावा अशी अपेक्षा असते, 'वर पाठवतो' म्हटले की काम अडले असे समजतात. जो फिरवता येत नाही, विशेषतः लोकांच्या खासगी माहितीबाबतचा, तिथे मात्र तुमची जुनी सवय कामी येते. तिथे थांबा, लेखी कारण द्या आणि सहकाऱ्यांनाही थांबवा.

जुन्या कार्यालयातून मैत्रीखातर फोन येतील, कंपनीतूनही 'जरा विचारून बघता का' अशी विनंती येईल. पहिल्या आठवड्यातच आपल्या विभागाला ईमेल करा: कोणत्या खात्यांशी, कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही बोलणार नाही. विधी विभागाला प्रत पाठवा. परवानगीच्या अटींची प्रत सोबत जोडा, आणि अर्जातल्या वर्णनाबाहेरचे काम सांगितले गेले तर ते सुरू करण्याआधी पुन्हा शासनाला कळवा.